डॅफ्ने नावाचा अर्धा अर्थ

ताई, तू मला फसवलंस. माझ्या मुलीच्या बारशाला, भरल्या घरात, पाळण्याची दोरी हातात धरून फसवलंस. लाकडाच्या धंद्यात मला आजवर कोणी फसवू शकलं नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो. ते खोटं पाडणारी घरातलीच निघाली.

तुझी तेरवी आत्ताच झाली. लोक अजून येतात, चहा पितात, 'बाई म्हणजे देवमाणूस होत्या' म्हणतात आणि उठून चपला शोधतात. मी मान हलवतो. देवमाणूस! देवांबद्दल मला या दिवसांत जे कळलं आहे, त्यानंतर मला कोणी देवमाणूस म्हटलं तर मी त्याला दाराबाहेर काढीन.

बारशाला आईचं नाव ठेवायचं ठरलं होतं. आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि माझ्या घरी पहिली मुलगी आली होती. कौसल्या. मी विचारलं, तू हो म्हणालीस. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तुझा. त्या मानाची साडी मी स्वतः नागपूरला जाऊन, दुकानदाराला रडवून आणली होती. आपल्या पांढरकवड्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तू पाळण्यात वाकलीस, पोरीच्या कानात कुर्र केलंस, बायांनी तुझ्या पाठीत धपाटे घातले, आणि तू मान वर करून खणखणीत आवाजात म्हणालीस, "डॅफ्ने."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग शेजारच्या गंगाकाकूला कंठ फुटला.

"काय वं सुमन? डाफनी? हे तं खोकल्याच्या दवाईचं नाव वाटून राह्यलं."

"मंग डफली म्हना ना," मागून कोणीतरी म्हणालं, आणि घर हसलं. माझी बायको रेखा माझ्याकडे बघत होती, की हा आता पाळणा उचलून अंगणात फेकतो की काय.

मी तुला मागच्या अंगणात ओढत नेलं. 

"ताई, कौसल्या ठरलं होतं."

"ठरलं होतं."

"मंग?"

"मंग काय गजू, कानात सांगून झालं. आत्यानं कानात सांगतलेलं नाव परत घेता येते काय? तू बयाना घेतल्यावर माल फिरवतं काय?"

"तो धंदा आहे."

"अन् हे नाव आहे. धंद्याहून पक्कं."

माझाच कायदा माझ्या तोंडावर मारलास. मी अर्थ विचारला. तू म्हणालीस, "झाड आहे. ग्रीस देशातलं. बारा महिने हिरवं राह्यते. जिंकून आलेल्या मानसाच्या डोक्यावर त्याच्याच पानांचा मुकुट घालत."

झाड म्हणालीस, तिथे मी अडकलो. सातवीत शाळा सोडून लाकडाच्या डेपोवर ओझी उचललेला माणूस मी. लट्ठ्यावर, म्हणजे ओंडक्यावर, हातोडीचा दांडा मारला की आत गाभा भरलेला आहे की पोकळ, ते मला आवाजावरून कळतं. माझ्या मुलीला झाडाचं नाव, तेही विजयाच्या झाडाचं. मनात म्हटलं, बाईनं डोकं लावलं आहे. आणि सौदा मान्य केला. तू मला लट्ठ्याची वरची बाजू दाखवलीस, ताई. खालची बाजू जमिनीला टेकलेली होती. ती उलटून बघायची असते, हे मी माझ्या दुकानातल्या पोट्ट्यांना रोज शिकवतो.

त्या नावापायी आम्ही काय सोसलं, ते तुला हसायला ठीक होतं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरंच. रेखाच्या माहेरी तिला 'डाफू' म्हणायला लागले. एका मास्तरानं सगळ्या वर्गासमोर विचारलं, "तुझा बाप ख्रिश्चन झाला का?" दर वेळी मी झरीला, तुझ्या नोकरीच्या गावी येऊन भांडायचो. तू चुलीपुढे बसून भाकरी थापत ऐकायचीस.

"त्या झाडाचं लाकूड तरी कसं आहे?" मी एकदा विचारलं.

"लाकूड कामाचं नाही. लहान झाड असते. पानंच कामाची. आपल्या तेजपानाच्या भाऊबंदातलं समज."

"तेजपान? जे भातात टाकतात अन् जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवतात, ते?"

"तेच."

"माह्या पोरीचं नाव ताटाबाहेर काढायच्या पानावरून?"

तू इतकी हसलीस की भाकरी करपली. मी ती करपलेली भाकरी खाल्ली आणि रागावूनच घरी गेलो. आज वाटतं, तेव्हा तू सांगू शकली असतीस. आपण दोघंच होतो. तू भाकरी उलटलीस आणि बोलणंही उलटलंस.

खरं सांगायचं तर तुझ्याशी भांडायला मला आवडायचं. पहिल्यांदा मी स्वतःच्या नावावर डेपोच्या लिलावात बोली लावली तेव्हा ते इंग्रजी कागद तू वाचून दाखवले होतेस, ओळीखाली बोट ठेवून. 'ही अट वाच. ही अट मानू नको. इथं सही करायच्या आधी इचार.' बाकीचे ठेकेदार हसले होते, की हा बहिणीला घेऊन लिलावाला आला. वर्षभरात त्यांचं हसू गेलं. माझ्या दुकानाच्या पाटीवर तुझं नाव नाही, पण असायला हवं होतं. असं मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, 'पाटी सागवानाची कर, मंग पाहू.'

तर आता खालची बाजू.

तुझ्या शिक्षणसंस्थेनं शाळेत श्रद्धांजली सभा ठेवली. पांढरकवड्याच्याच शाळेत, जिथे तू तरुणपणी इंग्रजी शिकवायचीस. तुझा फोटो, हार, उदबत्ती, प्लास्टिकच्या खुर्च्या. संस्थेचे सचिव बोलायला उभे राहिले. पांढरा सदरा, पांढरे केस, आवाज तुपात भिजलेला. म्हणाले, "सुमनबाई आमच्याच होत्या. देहानं गेल्या, पण संस्थेपासून त्यांना आता कोणी दूर करू शकत नाही." मग शिपायानं कापडाखालून एक ट्रॉफी काढली. सोनेरी, वाटोळी, दोन्ही बाजूंनी पानांच्या फांद्या वर जाऊन टोकाला भिडलेल्या. दरवर्षी उत्कृष्ट शिक्षिकेला तुझ्या नावानं पुरस्कार देणार. पहिला पुरस्कार तुझ्या भाचीच्या हस्ते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होतो. तेवढ्यात डॅफ्नेनं माझं मनगट धरलं.

"पप्पा, उठा. बाहेर चला."

"भाषण चालू आहे."

"उठा म्हटलं ना."

शाळेच्या फाटकाबाहेर हायवेला लागून चहाची टपरी आहे, तिथे तिनं मला बसवलं. तुझ्या शेवटच्या आजारात नागपूरच्या बँकेतून रजा घेऊन ती तुझ्यापाशी होती. तू तिला सगळं सांगितलं होतंस. तिनं मला आधी ग्रीस सांगितलं आणि मग पांढरकवडा.

ग्रीसची गोष्ट अशी. डॅफ्ने ही नदीच्या देवाची मुलगी. रानात फिरायची, शिकार करायची, लग्न नको म्हणायची. अपोलो नावाचा देव तिच्या मागे लागला. हा सूर्याचा देव, गाण्याचा देव, औषधाचा देव, भविष्य सांगणारा देव. एवढी खाती सांभाळणाऱ्याला 'नाही' हा एक शब्द कळत नव्हता. आपल्या मदनासारखा त्यांचाही एक धनुष्यवाला पोरगा आहे. त्यानं म्हणे अपोलोला सोन्याचा बाण मारला आणि तिला शिशाचा. म्हणून त्याला ओढ आणि तिला किळस. म्हणजे दोष त्याचा नाही, बाणाचा! लाकूडचोराचा वकील कोर्टात असंच बोलतो.

ती पळाली. तो मागे. थकली, तेव्हा तिनं बापाला हाक मारली. आणि त्या नदीच्या देवानं काय केलं? पोरीला झाड केलं. ताई, मी टपरीवर चहाचा कप आपटला. नदीचा देव ना तू? आमची पैनगंगा पावसाळ्यात चिडली तर पूल पाण्याखाली घालते. तुला एक पूर आणता आला नाही? मागे लागलेल्याला बुडवायचं सोडून पळणारीलाच जमिनीत रोवलंस? असला बाप आणि असला देव!

पुढची गोष्ट त्याहून नीच. अपोलोनं त्या झाडाच्या बुंध्याला मिठी मारली. सालीखाली तिचं काळीज अजून धडधडत होतं म्हणतात. आणि तो म्हणाला, बायको झाली नाहीस तर माझं झाड हो. तुझी पानं मी डोक्यावर घालीन. जिंकणारे घालतील. झालं. तेव्हापासून ती पानं विजयाची. त्याच्या जत्रेतल्या खेळाडूंना, गाणाऱ्यांना, कवींना, मग रोमच्या सेनापतींना. मग नाण्यांवर, बिल्ल्यांवर. चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी तर तो क्षण धरूनच ठेवला, बोटांच्या डहाळ्या होतात तो. पोरगी जीव घेऊन पळते आहे आणि बघणारे म्हणतात, काय नाजूक काम आहे! इंग्रजांनी पुढे ते नाव फुलांच्या नावांसारखं आपल्या मुलींना ठेवलं. गोड वाटतं म्हणून. मूळ विचारलं कोणी? मीसुद्धा कुठे विचारलं, असं तू म्हणशील. मी विचारलं होतं, ताई. तूच अर्धं सांगितलंस.

मी लिलावाचा माणूस आहे. मला आवडलेला माल दुसऱ्याच्या बोलीला सुटतो, कधी मालच लिलावातून काढून घेतात. वाईट वाटतं. शिव्या देतो. मग घरी जातो. जो माल आपल्याला सुटलेला नाही, त्यावर कोणी आपल्या हातोड्यानं मालकीचा छापा मारत नाही. मारला तर त्याला आमच्यात चोर म्हणतात. अपोलोनं तेच केलं. नाही मिळाली, तर छापा मारून ठेवला. आणि दुनिया त्या छाप्याला मुकुट म्हणते.

हे ऐकून मी म्हणालो, "म्हनून तुले ट्रॉफीवरची पानं पाहून राग आला?"

पोरगी म्हणाली, "पप्पा, पानांचा राग नाही आला. भाषण देणाऱ्याचा आला."

मग तिनं पांढरकवडा सांगितला.

आज जो सचिव आहे, तो तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांचा तरुण मुलगा होता. त्यानं तुला मागणी घातली. तू नाही म्हणालीस. त्यानं पुन्हा निरोप पाठवला. तू पुन्हा नाही म्हणालीस. मग तो तपासणीच्या नावाखाली तुझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायला लागला. तू एसटीच्या थांब्यावर उभी राहिलीस की समोर त्याची मोटरसायकल. मुलींनी फळ्यावर तुझं आणि त्याचं नाव लिहिलं, ते तू पुसलंस आणि धडा शिकवलास. शेवटी तू बाबांना सांगितलंस. बाबा अध्यक्षांच्या घरी हात जोडून गेले आणि परत येताना तुझी बदली घेऊन आले. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावी, संस्थेची नवी शाखा होती तिथे. बाबा तुला म्हणाले म्हणे, "दूर राह्यली म्हंजे सुटली, बाई."

बाबांना ठाऊक होतं. नदीला ठाऊक होतं.

मला तू काय सांगितलंस? "मीच मागतली बदली, गजू. तिथली हवा चांगली आहे." आणि त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या पोरीचं बारसं झालं. तेव्हा कौसल्या का नाही आणि डॅफ्ने का, हे मला आज कळतं. बायांनी भरलेल्या त्या घरात तू तुझी गोष्ट मोठ्यानं सांगून टाकलीस, अशा भाषेत, की कोणाला कळू नये. गंगाकाकूला खोकल्याचं औषध ऐकू आलं. मला विजयाचं झाड. बाबा तिथेच कोपऱ्यात विड्याची सुपारी कातरत बसले होते. त्यांनाही ग्रीस कुठे ठाऊक होतं!

मी पोरीला विचारलं, "मले काहून नाही सांगतलं तिनं?"

"आत्या म्हने, गजूले सांगतलं असतं तं त्यानं त्याचं डोस्कं फोडलं असतं. मंग गजू जेलात, रेखा एकटी, अन् गाव म्हनलं असतं सुमनच्यापायी झालं."

फोडलं असतं. त्यात वाद नाही. पण डोकं माझं, राग माझा, बहीण माझी. हिशेब करायचा की नाही, ते मी ठरवलं असतं. तू माझ्या वतीनं सौदा केलास आणि मला बैठकीला बोलावलंही नाहीस. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या घराला चौकटी पुरवल्या. त्याच्या मुलीच्या लग्नात जेवलो. तो मला 'गजाननराव' म्हणायचा आणि मी फुगायचो. ताई, याचं तुला उत्तर द्यावं लागेल. वर भेटलो की पहिला प्रश्न हाच.

तू तिथे झरीला रुजलीस, हे मला दिसत होतं. कोलाम आदिवासी पोरांची भाषा शिकलीस. त्यांच्या आया तुला हाताला धरून बाजाराला न्यायच्या. निवृत्त झाल्यावर मी ट्रक घेऊन तुझं सामान आणायला आलो, तर तू म्हणालीस, "ट्रक रिकामा नेऊ नको, दोन पोती चारोळी आहे ती ने." स्वतः आली नाहीस. लोक म्हणतात, बाई रमल्या. रमली असशीलही. म्हणून तुला तिथे पाठवणारा सुटत नाही. झाडाला सावली चांगली पडते, म्हणून त्याला रोवणाऱ्याचे आभार कोणी मानू नयेत.

एकदा तुळशीच्या लग्नाला तू आमच्याकडे होतीस. रेखा वृंदावनाला चुडा बांधत होती. तू म्हणालीस, "वृंदेची पूर्ण गोष्ट ठाऊक आहे का कोनाले? देव नवऱ्याचं रूप घेऊन आला. तिले फसवलं, मंग ती तुळस झाली. अन् आपन तिचं त्याच्याशीच लगन लावून राह्यलो, दरसाल." रेखा म्हणाली, "ताई, सणासुदीले काहीही कायले बोलता?" तू ऊस रोवायला लागलीस. मी हसलो होतो. मला वाटलं, मास्तरीण आहे, काहीतरी काढत राहते.

मी सभेत परत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सचिवाचा माणूस घरी आला. तुझा मोठा फोटो हवा, घरच्यांची संमती हवी आणि स्मरणिकेसाठी भावाचे चार शब्द हवेत. मी त्याला बसायलाही सांगितलं नाही. 

"फोटो भेटनार नाही. नाव भेटनार नाही. पोरगी येनार नाही."

"असं कसं भाऊ? साहेबांनी तं जाहीर केलं."

"घरच्याइले इचारून जाहीर केलं काय?"

"मान हाय ना भाऊ बाईचा."

"बाईनं मागतला होता काय?"

तो गेला आणि सचिवाचा फोन आला. तोच तुपाचा आवाज. "गजाननराव, जुन्या गोष्टी काढून काय मिळणार? बाई तर आता कोणाच्याच राहिल्या नाहीत."

बघ ताई. काल 'आमच्याच', आज 'कोणाच्याच नाहीत'. भाव पडला की व्यापारी असाच बोलतो. माझ्या ओळखीचे गुरांचे दलाल याच्यापेक्षा शब्दाचे पक्के आहेत.

पोरीला मी विचारलं, "नाव बदलून घ्यायचं काय? कौसल्या ठेवू. अजून वेळ आहे."

"कायले बदलू? नाव तिचं आहे. त्या अपोलोचं थोडीच आहे."

आणि वर म्हणाली, "अन् आत्यानं कानात सांगतलं आहे." बयाना कधीचा घेतलेला.

तुला लाकडं मी माझ्या हातानं रचली. सागाचं एकही नव्हतं त्यात. तू असतीस तर म्हणाली असतीस, विकायचं लाकूड जाळून राह्यला का बे? तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. म्हणून नुसता रडलो. आता ठाऊक आहे, तर रडू येत नाही, नुसते दातओठ खातो.

भावाचे चार शब्द मागितले होते, ते हे. स्मरणिकेत छापणार नाहीत, म्हणून साप्ताहिकाला देतो आहे. आणि शेवटचे शब्द तुझ्यासाठी नाहीत, ताई. तू जरा बाजूला हो.

सचिवसाहेब, पुरस्कार तुमच्याजवळ ठेवा. बाई गेल्या, त्यांचा बाप गेला, तुमचा बाप गेला. विचारणारा मी आहे आणि उत्तर देणारे तुम्ही आहात. ज्या माईकवर तुम्ही 'आमच्याच' म्हणालात, त्याच माईकवर, तेवढ्याच लोकांसमोर, माझी मुलगी समोर बसलेली असताना सांगा. माझी बहीण तुम्हाला नाही म्हणाली होती. तुम्ही ऐकलं नाही. मग ही शाळा तिनं का सोडली आणि खुर्चीत तुम्ही का राहिलात?